ह्यात फूल न्हाई

आमच्या गल्लीतल्या गंगाक्कानं एकदा यष्टीत बायकांसाठी राखीव असलेल्या बाकावर आपली शेळी बसवली होती. कंडक्टर म्हणाला, "अक्का, जनावर उठवा." अक्का म्हणाली, "पाटी वाच की. महिलांसाठी लिवलंय. शेळी हाय ही, बोकड न्हाई." धारूर ते अंबाजोगाई ती शेळी खिडकीतून बाहेर बघत गेली, आणि मी तिकीट काढलेली बाई दांड्याला लटकत. मला अजून राग येतो. शेळीचा नाही, अक्काचा.

"लिवलंय कुठं?" हे तिचं रोजचं. कुणी नियम सांगितला की ही कमरेवर हात ठेवून विचारणार. आणि लिहिलेलं निघालं तर त्यातून बोगदा काढणार. नळाजवळ पाटी लावली होती, 'येथे कपडे धुऊ नयेत.' दुसऱ्या दिवशी अक्का चार गोधड्या घेऊन हजर. "गोधडी कपडा हाय का? अंथरूण हाय." श्रावणी सोमवारी मला म्हणते, "शके, उपवासाला लिंबू चालतं, मीठ चालतं, मिरची चालती. मंग लिंबाचं लोणचं कावून न्हाई?" मी म्हटलं, मोहरी असते त्यात. तर ही बाई दुपारभर लोणच्यातली मोहरी वेचत बसली, आणि संध्याकाळी भगरीबरोबर लोणचं चाटून खाल्लं. कपाळाला विभूतीची तीन बोटं, तोंडात लोणच्याची फोड. सांगा, राग येणार नाही का माणसाला?

नवरा लवकर गेला, तेव्हा तिनं पुढच्या खोलीत मिरची कांडायचं मशीन टाकलं. ते सुरू झालं की आख्खी गल्ली शिंकायची. अक्काच्या लुगड्याला, केसांना, हाताच्या भेगांना मिरची. बोलण्यालाही तीच. पोटी लेकरू नव्हतं. धाकट्या दिराची बायको बाळंतपणात गेली, तेव्हा तिची तान्ही रेखा अक्कानंच वाढवली, शिकवली, माजलगावला दिली.

ते दिवस नवे होते. किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या, टीव्हीवर चॅनेलं वाढली होती, आणि जे आधी कुणी दुबईहून आणलं तरच बघायला मिळायचं, ते दारावर यायला लागलं होतं. एक पोरगी अंबाजोगाईहून मोठी बॅग घेऊन आली. बॅगेत सेंटच्या बाटल्या. सोबत एक छापील कागद, कोणत्या स्वभावाच्या बाईला कोणता सेंट शोभतो त्याचा. आम्ही सगळ्या माझ्या ओट्यावर जमलो. पोरीनं मला विचारलं, राग पटकन येतो का, झोप कशी लागते, आणि कागद बघून म्हणाली, "मावशी, तुमचा स्वभाव लिंबाचा."

लिंबाचा! माझा! गल्लीत कुणाचं दुखलंखुपलं तर उशाशी बसणारी मी, आणि लिंबू? अक्का मशीन बंद करून आली होती, ती म्हणाली, "पोरगी शिकलेली दिसती गं." सगळ्या खिदळल्या.

मग अक्का बाटल्या चाचपायला लागली. "ह्यात काय हाय?"

"मोगरा, आजी."

"आन् ह्यात?"

"गुलाब."

"फूल नसलेला न्हाई का एखादा?"

पोरगी गोंधळली. शोधून एक बुटकी बाटली काढली. "ह्यात फूल नाही. आटवलेलं दूध, जाळलेली साखर, व्हॅनिला. पण आजी, हा कागदात मायाळू, हळव्या बायकांसाठी सांगितलाय."

झालं. बायका हसून हसून ओट्यावरून पडायच्या राहिल्या. मायाळू आणि अक्का! पण अक्कानं ती बाटली घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून मशीनच्या धुरळ्यात बासुंदीचा वास यायला लागला. गिऱ्हाईक आधी शिंकायचं आणि मग विचारायचं, "अक्का, आज काय गोडधोड?"

गल्ली खवळली. विधवा बाई आणि सेंट! मीही खवळले, खोटं कशाला सांगू. माझ्या मनात लिंबू होतंच. मी तिला म्हटलं, "अक्का, ह्या वयात हे शोभतंय का?"

"काय शोभत न्हाई?"

"अत्तर लावणं."

"विधवेनं फूल माळू नये, फुलाचं अत्तर लावू नये. कबूल. पर ह्यात फूल न्हाई. ह्यात दूध हाय, साखर हाय. हे जेवण हाय, शके. मला जेवायला बंदी हाय का? लिवलंय कुठं?"

मी तणतणत घरी आले.

खरं कारण मला आठ दिवसांनी दिसलं. रेखा सातव्या महिन्यात माहेरी आली. पहिलटकरीण, तोंडाचा रंग उडालेला. तिला मिरचीचा वास सहन होईना. अक्का जवळ गेली की तिला ओकारी यायची. अक्कानं मशीन बंद ठेवलं, दोन-दोनदा अंघोळ केली, पण वीस वर्षांची मिरची कातडीतून कुठं जाते? आणि तो गोड सेंट लावला की मात्र पोरगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून निवांत पडायची. रेखा सासरी असतानाच पत्रात कळवून बसली होती, मला कशाकशाचा वास सोसत नाही म्हणून. ही बया तेव्हापासून तयारीला लागलेली. मला एका शब्दानं बोलली नाही. भांडत मात्र बसली.

मग डोहाळजेवण ठरलं. अक्काच्याच घरी. अक्कानं हिरवं लुगडं, खण, नारळ, पाच फळं, सगळं स्वतः निवडून आणलं. मला म्हणाली, "पयली ओटी मी भरणार. तिच्या आईच्या जागी कोण हाय दुसरं?" मी म्हटलं, "बघा बाई, माजलगावचे लोक काय म्हणतात." तर म्हणाली, "म्हणू दे. मी तयार हाय."

विहीणबाई आल्या, हिरव्या लुगड्यातल्या रेखाला पाटावर बसवलं. अक्का ताट घेऊन पुढं झाली, तशा विहीणबाई म्हणाल्या, "अक्का, तुमी आत बसा. सवाष्णींचं होऊ द्या."

"माझंच घर हाय की."

"घर तुमचं हाय. ओटी आमच्या सुनंची हाय. आन् अत्तर लावलंय का तुमी?"

अक्काचा चेहरा उजळला. हे तिचं रान होतं. "अत्तर फुलाचं असतंय, विहीणबाई. ह्यात फूल न्हाई. दूध, साखर. हे जेवण हाय."

बायका हसल्या. मी तर मोठ्यानं हसले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, जिंक गं बाई, जिंक.

विहीणबाई हसल्या नाहीत. "जेवण हाय म्हणता? बरं. मंग गोड जेवून तसंच कुणी पहिलटकरणीला शिवतंय का? गोडाच्या वासानं भूतखेत, बाहेरचं मागं लागतंय, हे मी सांगू तुमाला? माणूस चूळ भरतंय, मीठ चाटतंय. तुमी तर अंगालाच फासून आलात. पोटातल्याला काय झालं मंजी?"

सगळ्या अक्काकडं बघायला लागल्या. मी वाट बघत होते. आता विचारील, लिवलंय कुठं. यष्टीच्या कंडक्टरला, नळाच्या पाटीला, प्रत्यक्ष श्रावणी सोमवाराला जिनं सोडलं नाही, ती ह्या बाईला सोडते होय?

अक्का म्हणाली, "बरं." ताट खाली ठेवलं आणि आत गेली.

विहीणबाईंनी ताट माझ्यापुढं सरकवलं. आणि मी काय केलं? मी सवाष्ण ना! भरली ओटी. अक्कानं निवडलेला खण माझ्या हातानं रेखाच्या पदरात टाकला. त्या बाईचा राग आला, पण त्याहून जास्त कुणाचा आला ते मी सांगत नाही.

आत गेले तर अक्का मोरीत बसून मनगटांना, गळ्याला खडेमीठ चोळत होती. भेगांतून लाल झालं होतं.

"अक्का, तुमी कावून ऐकून घेतलं तिचं? खोटं हाय ते सगळं!"

"खोटंच हाय."

"मंग?"

"माझ्यावर असतं तर माजलगावापत्तूर पिटाळलं असतं तिला." ती चोळतच होती. "पर पोटातलं लेकरू रेखाचं हाय, शके. खोटंच हाय. पर खरं निघालं तर?"

पाणी ओतल्यावर गोड वास गेला. खालची मिरची वर आली. मला लगेच शिंक आली, आणि अक्कानं ती ऐकली. उठली, हात पुसले, आणि स्वैपाकघराच्या दारापर्यंत येऊन उंबऱ्याच्या आतच थांबली. रेखा पाटावरून मान वळवून बघत होती. "अक्का, ये की गं जवळ. कवापासून वाट बघतीय मी."

"येते, येते," अक्का म्हणाली. "पोळ्या तेवढ्या होऊ दे."

पोळ्या तर सकाळीच झाल्या होत्या.