पाया पडणारे डॉक्टर

आमचे सोनकांबळे सर नांदेडात फार संस्कारी डॉक्टर म्हणून ओळखले जातात. ही ओळख निव्वळ गैरसमजातून झालेली आहे.

लग्न असो, बारसं असो, साठीच्या पुढचं माणूस दिसलं की सर वाकलेच. वाकतात आणि लवकर उठत नाहीत. आशीर्वाद देणाऱ्याचा हात वरच्या वर अवघडून जातो. तोवर खाली सरांचा अंगठा त्याच्या नडगीवर, घोट्याच्या जरा वर दाबलेला असतो आणि सर मनात दहापर्यंत मोजत असतात. अंगठा उचलल्यावर खड्डा राहिला तर पायात पाणी साठलंय, आणि पाणी साठलंय म्हणजे बहुधा हृदय दमलंय. एका लग्नात नवरीच्या मामांनी त्यांना भरभरून दीर्घायुष्य दिलं, तर सर खालूनच म्हणाले, "माझं ऱ्हाऊ द्या मामा, तुम्ही सोमवारी दवाखान्यात या."

मी निवृत्त शिक्षिका. बत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. सरांना त्यांच्या संशोधनासाठी सुवाच्य अक्षर आणि न चिडणारा आवाज असलेलं कुणीतरी हवं होतं. अक्षर माझ्याकडे होतं, आवाजाचं त्यांनी गृहीत धरलं. मी कामाला लागले तेव्हा रोज सकाळी सर माझ्या पाया पडायचे. महिनाभर मी हुरळून होते. शेजारणींनाही सांगून झालं होतं. मग एक दिवस खालून आवाज आला, "बाई, डावा जरा जड वाटून राहिला. पापड खाल्ला का काल?" त्या दिवसापासून मी पाय मागे घ्यायला लागले.

सर हृदयाचे डॉक्टर असले तरी त्यांची जात वेगळी. बाकीचे तुंबलेल्या नळ्या मोकळ्या करतात, पेशंट चौथ्या दिवशी पेढे घेऊन येतो. सरांचे पेशंट पेढे आणत नाहीत. त्यांचं हृदय कमजोर झालेलं असतं, ते आयुष्यभर सांभाळत बसायचं. त्याला सगळे हार्ट फेल म्हणतात, सरांना तो शब्द खपत नाही. "नापास कुणी केलं त्याला? दमलंय ते." माझ्यातल्या मास्तरणीला हे फार आवडलं.

संशोधन साधं होतं. खेड्यातल्या अशा पेशंटांना सरांनी एकेक वजनकाटा दिला होता. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी काट्यावर उभं राहायचं आणि मला फोन करून आकडा सांगायचा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावरचं मांस नव्हे, पाणी. माणूस हॉस्पिटलात पोचायच्या आधीच औषध बदलता येतं. वजन जागच्या जागी असलं की सर फोन माझ्या हातातून घेऊन म्हणत, "शाब्बास. हाय तेवढं ऱ्हाऊ द्या."

हे त्यांचं पालुपद. भाजीवालीने वर चार मिरच्या टाकल्या तरी हाय तेवढं ऱ्हाऊ द्या. वाढप्याने आमटी पुढे केली तरी तेच. गाडीच्या वेगाबद्दलही तेच, म्हणून विष्णुपुरीला जाताना सायकली आम्हाला मागे टाकतात.

सगळ्या पेशंटांत सरांची लाडकी होती गयाबाई. जळकोटकडची, एकटी राहणारी, साठीची. बाकीच्यांचे आकडे सणावाराला उड्या मारायचे, हिचं वजन अठ्ठेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीस. दसरा आला-गेला, दिवाळी आली-गेली, गयाबाई अठ्ठेचाळीस. लातूरच्या हृदयतज्ज्ञांच्या परिषदेत सर निबंध वाचणार होते, त्यात गयाबाईचा आलेख सगळ्यांत मोठा करून लावला होता. पट्टीने मारल्यासारखी रेघ. सर तिच्याकडे आपल्या पोरीची मार्कलिस्ट बघावी तसे बघायचे.

परिषदेच्या सकाळी आम्ही सरांच्याच गाडीतून निघालो. कंधार मागे पडलं तरी सर त्या रेघेबद्दलच बोलत होते. बत्तीस वर्षांत मी एक गोष्ट शिकले आहे. ज्या वहीत एकही खाडाखोड नसते, ती वही दुसऱ्याची बघून उतरवलेली असते. गयाबाईची रेघ मला महिनाभर खुपत होती. बोलले नाही, कारण सर इतके खूश होते.

शेवटी मीच म्हणाले, "सर, जिवंत माणसाचं वजन एवढं सरळ राहतं का हो?"

सरांनी गाडी बाजूला घेतली. मग गयाबाईला फोन लावून स्पीकरवर टाकला. तिने नेहमीसारखं सांगितलं, "अठ्ठेचाळीस, साहेब." पण अठ्ठे आणि चाळीसच्या मधे तिने श्वास घेतला. मला तो ऐकू आला, सरांनाही आला.

त्यांचा निबंध बारा वाजता होता. सरांनी गाडी लातूरऐवजी गयाबाईच्या गावाकडे वळवली आणि मी त्यांना ओळखते तेव्हापासून पहिल्यांदा ती पळवली.

गयाबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. आम्हाला बघून उठायला गेली, उठता आलं नाही. सर वाकले, पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो पडूनच राहिला. काटा घरात कोपऱ्यात, स्वच्छ पुसलेला, वर रुमाल झाकलेला. दोघांनी धरून तिला उभं केलं. चोपन्न.

"कधीपासून झोपता येईना गयाबाई?"

"धा-बारा रोज झाले. आडवं झालं की जीव गुदमरतोय. बसूनच ऱ्हाते."

"अन् मला अठ्ठेचाळीस कशाला सांगितलं?"

ती सरांकडे अशी बघायला लागली की जणू यांनाच समजेना. "तुमीच म्हनलाव न्हवं, हाय तेवढं ऱ्हाऊ द्या म्हनून. दिवाळीपस्तोर खरंच तेवढं हुतं. मंग काटा वर चढाया लागला. पर तुमी रोज शाब्बास म्हनायलाव. येवढ्या खुशीनं मला कुनी बोलत न्हाई साहेब. मोडावं वाटलं न्हाई."

सरांनी तिला उचलूनच गाडीत बसवलं. लातूरला एका मित्राच्या हॉस्पिटलात तिला दाखल केलं, इंजेक्शन सुरू झालं, लघवी मोकळी व्हायला लागली, श्वास सावकाश झाला. तेव्हा कुठे सर परिषदेला निघाले.

निबंधाची वेळ टळून गेली होती. अध्यक्ष एक जुने डॉक्टर होते. सर पाया पडतील या धास्तीने ते त्यांना बघून पाय खुर्चीखाली घेतात. त्यांनी शेवटी पाच मिनिटं दिली. सरांनी सगळं सोडून एकच आलेख दाखवला, गयाबाईचा. म्हणाले, "ही रेघ खोटी आहे. पेशंटने मला खूश ठेवायला ती सरळ ठेवली, कारण मी तिच्या तब्येतीपेक्षा तिच्या आकड्यावर खूश होत होतो. बाकीच्या रेघा परत तपासल्याशिवाय मी हा निबंध वाचणार नाही." आणि खाली उतरले. टाळ्या पडल्या नाहीत. जेवताना एक-दोघांनी हसून त्यांच्या पाठीवर थाप मारली, ती मला लागली.

परतताना ऊन कलत होतं. जळकोटच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. सरांनी चहा घेतला आणि हातातच धरून ठेवला.

"बाई, माझी माय उमरीला असायची. आमच्या वस्तीतला डॉक्टर होणारा मी पहिला. मुंबईला शिकत होतो. दर सुट्टीला यायचो, निघताना पायावर डोकं ठेवायचो. कशी हायस विचारलं की म्हणायची, बरी हाव, तू अभ्यास कर. मी पण खूश. ती गेली तेव्हा मावशी म्हणाली, वर्षभर पाय सुजलेले होते तिचे. त्याच पायांवर मी डोकं ठेवत होतो, बाई. एकदाबी बघितलं न्हाई."

चहा निवून गेला होता, तो त्यांनी तसाच प्यायला.

गयाबाई आता बरी आहे. तिचा आकडा रोज वेगळा येतो, कधी वर, कधी खाली, आणि कमी सांगो की जास्त, सर तिला शाब्बासच म्हणतात. पण आधी विचारतात, "झोप लागली का आडवं होऊन?"

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर नेहमीसारखे माझ्यासमोर वाकले. मी साडी चार बोटं वर घेतली आणि डावा पाय पुढे केला. सरांनी अंगठा ठेवला. दहा झाले, वीस झाले. मी हात त्यांच्या डोक्यावर ठेवून उभी राहिले आणि त्यांना हवं तितकं मोजू दिलं.