कोपऱ्यातला लाल अंगठा

यंदाची भरती बिननावाची, असं मॅनेजर हेमकांतने जाहीर केलं आणि रनाळ्याजवळच्या शेतकऱ्यांच्या मिरची कंपनीत खळबळ उडाली! अर्जावर, लेखी परीक्षेच्या पेपरवर नाव नाही, आडनाव नाही, गाव नाही, बाई की पुरुष तेही नाही. फक्त नंबर. नावं वेगळ्या पाकिटात आणि पाकिटं अध्यक्ष तुळशीबाईंच्या कपाटात. "आते वशिलानं काम बंद शे," मॅनेजरसाहेब टपरीवर छाती काढून सांगत होते.

जागा होती माल पास करणाऱ्याची. पथारीवर वाळत घातलेली कोणती मिरची घ्यायची, कोणती परत पाठवायची, हे ठरवणारा माणूस. ती आपल्या मेहुण्याला, दिनेशला मिळावी, एवढीच हेमकांतची साधी इच्छा होती. बायकोची तर सक्त ताकीदच होती.

"पेपरना कोपऱ्याले मिरचीना अंगठा लाई दे," त्याने दिनेशच्या कानात सांगितलं. "मी वळखी लिसू."

कालीबाईनेही अर्ज भरलाय, हे मात्र त्याच्या गावीही नव्हतं. चौदा वर्षं ती त्याच पथारीवर मिरचीचे देठ खुडत होती. माल पास करायला आलेला प्रत्येक नवा माणूस आधी तिलाच विचारायचा. ती दहावी पास होती, दोनदा अर्ज करून झाला होता, पण नाव आणि डोंगरातलं गाव वाचलं की कागद गठ्ठ्याच्या तळाशी जायचा. यंदा नावच विचारत नाहीत म्हटल्यावर ती देठ खुडता खुडता उठली आणि तशाच हातांनी पेपर लिहून आली.

दिनेशने अंगठा तिखटात बुडवला खरा, पण घाम आला म्हणून त्याच हाताने डोळा पुसला. मग अर्धा तास नळाखाली! हात इतके स्वच्छ झाले की पेपरही कोराकरकरीत गेला.

बैठकीत हेमकांतने गठ्ठा चाळला. नंबर अठरा. कोपऱ्यात लालभडक अंगठा! त्याने न वाचताच पैकीच्या पैकी मार्क दिले.

"वाची तर दखाड," तुळशीबाई म्हणाल्या.

"ओली मिरची हाताला फसवते," हेमकांत वाचू लागला. "कानाजवळ हलवायची. बी वाजलं तर घ्यायची, नाहीतर परत."

संचालकांनी माना डोलावल्या. मेहुणा इतका अभ्यास करून आलाय, हे पाहून हेमकांतचा ऊर भरून आला. "हाऊच माणूस पाहिजे! कोन शे, माले काहीच माहीत नही," त्याने टेबलावर हात आपटला. आणि ते अगदी खरं होतं.

तुळशीबाईंनी पाकीट फोडलं. "कालीबाई. आपली पथारीवरनी."

बाहेर देठ खुडणाऱ्या बायकांनी असा गलका केला की वाळत घातलेल्या मिरच्यांवरचे कावळे उडाले. तुळशीबाईंनी हेमकांतच्या हातात नारळ ठेवला आणि एवढा निःपक्षपाती मॅनेजर आपण पाहिला नाही, असं सर्वांसमोर सांगितलं. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी कालीबाईपुढे पहिलंच पोतं आलं, ते हेमकांतच्या शेतातलं. तिने एक मिरची उचलून त्याच्याच कानाशी हलवली.

"साहेब, बी वाजस का?"

"नही," हेमकांत म्हणाला.

"मंग परत."

ओलं पोतं मोटरसायकलवर बांधून तो घरी पोहोचला, तेव्हा दारात बायको उभी होती. मागे मेहुणा होता, डोळे अजून लालच.