ओळख दाखवायची नाही!

"एकदा नियम वाचला ना, की मी चुकत नाही!" लिफ्टवाल्याने बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

माणूस थापा मारत नव्हता हं! त्याचं निम्मं आयुष्य इमारतींच्या लिफ्ट तपासण्यात गेलेलं. दार नीट मिटतं का, दोर कुठे झिजलाय का, दोन मजल्यांच्या मध्ये कोणी अडकलं तर काय करायचं, सगळं तोंडपाठ. घरी नवा मिक्सर आला तरी हा आधी माहितीपुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचणार, मग बटण दाबणार. तोवर बायको हाताने वाटून मोकळी झालेली असायची.

या खेपेला मात्र नियम मिक्सरचे नव्हते. बीडीएसएमची आवड असलेली मंडळी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एका कॅफेत जमायची. म्हणजे मोठ्या, शहाण्या माणसांनी आपल्या राजीखुशीने एकाने हुकूम सोडायचा, दुसऱ्याने ऐकायचा, कधी दोऱ्या, कधी पट्टे, असला तो मामला. पण कॅफेत त्यातलं काही नाही! तिथे फक्त कॉफी प्यायची आणि गप्पा मारायच्या. आपल्या या नवराबायकोला त्याचं कुतूहल होतं. किती आणि कसलं, ते त्यांच्या खोलीचं दार लागल्यानंतरचं. आपण त्यात पडायला नको.

"आधी तू जाऊन बघून ये," बायको म्हणाली. "माणसं बरी वाटली तर पुढच्या वेळी मी येते."

"म्हणजे बळीचा बकरा मी!"

"नियम वाचणारा बकरा. आणि हे बघ, आईच्या कानावर यातलं अक्षरही जाता कामा नये. नाहीतर आपलं काही खरं नाही."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. सासूबाईंच्या लेखी हा जावई म्हणजे सरळमार्गीपणाचा नमुना! शेजारणींचे जावई काही भलतंसलतं करून बसले की सासूबाई लगेच म्हणायच्या, "आमचे जावईबापू बघा, कधी मान वर करून बघायचे नाहीत." लग्न झाल्यापासून कमावलेली ही अब्रू एका कपभर कॉफीत बुडायची, याची लिफ्टवाल्याला धास्ती होती.

भेटीचे नियम आधीच मोबाइलवर आले होते. खरं नाव सांगायची गरज नाही, टोपणनाव चालेल. विचारल्याशिवाय कोणाच्या अंगाला हात लावायचा नाही, अगदी हात मिळवायलासुद्धा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: इथे भेटलेला माणूस बाहेर कुठे दिसला, तर त्याने स्वतःहून ओळख दाखवल्याशिवाय आपण ओळख दाखवायची नाही! लिफ्टवाल्याने हे सगळं अंघोळ करतानासुद्धा घोकलं.

कॅफेत शिरतानाही तो नियम पुटपुटत होता. काळे कातडी कपडे, साखळ्या, लालभडक ओठ, काय काय दिसेल कोण जाणे! खुणेचं कॅक्टसचं रोपटं ठेवलेलं टेबल त्याला कोपऱ्यात दिसलं. आणि त्याभोवती बसलेली माणसं बघून तो बघतच राहिला! चष्म्यातली एक बाई स्वेटर विणत होती. एक गोलमटोल गृहस्थ भिंतीला येणाऱ्या ओलीबद्दल तक्रार करत होते आणि बाकीचे त्यांना कुठला रंग लावावा ते सांगत होते. इमारतीच्या वार्षिक सभेतसुद्धा याहून जास्त थरार असतो!

"या, या! पहिल्यांदाच आलात?" विणणारी बाई म्हणाली. ती या भेटी भरवायची, एरवी दातांची डॉक्टर होती. "बसा ना. यांच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे."

लिफ्टवाला 'यांच्या'कडे वळला.

मामा! बायकोचे सख्खे मामा! सासूबाईंचे धाकटे भाऊ!

आता मामा म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. मामा ड्रायव्हिंग लायसन्सची परीक्षा घेणारे निवृत्त अधिकारी. घरातला एकही माणूस त्यांनी पहिल्या फटक्यात पास केला नव्हता. लिफ्टवाल्याला तर लग्न ठरल्याच्या आठवड्यातच नापास करून टाकलं होतं, आणि वर म्हणाले होते, "मुलगी देतोय, गाडी देणार नाही." मामी गेल्यापासून ते एकटेच राहायचे आणि रोज सकाळी बहिणीला फोन करायचे. दोघा बहीणभावांचं एकमेकांपासून काही म्हणजे काही लपून राहायचं नाही.

मामांचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, जणू शेजारी कोणी शिकाऊ माणूस गाडी चालवतोय! मग जन्मात ज्याने कोणाला काही विचारलं नव्हतं, नुसतं सुनावलं होतं, त्या माणसाने मवाळ आवाजात विचारलं, "हात मिळवला तर चालेल?"

"च... चालेल."

"मला इथे हँडब्रेक म्हणतात. आपण?"

लिफ्टवाल्याला ऐनवेळी दुसरं काही सुचेना. "लिफ्ट," तो म्हणाला.

संध्याकाळभर दोघं शेजारी शेजारी बसले. "हँडब्रेक, जरा साखर द्या." "घ्या, लिफ्ट." याउपर एक शब्द नाही! मग मामा उठले, सगळ्यांना नमस्कार करून निघून गेले. लिफ्टवाला घरी आला तो थेट पलंगावर आडवा झाला.

"मामा?" बायको किंचाळलीच. "आपले मामा? हुकूम सोडणारे की ऐकणारे?"

"मी कशाला विचारू! पण ते उद्या सकाळी फोनवर आईंना सगळं सांगणार. संपलो आपण!"

दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पण ते 'काहीच नाही'सुद्धा असं होतं की फोन वाजला की दोघं दचकायची. आणि त्यात पुढच्या रविवारी सासूबाईंचा वाढदिवस! न जाऊन चालतंय होय?

बायको गाडीतून केक काढत मागे राहिली आणि लिफ्टवाल्याने पुढे होऊन बेल दाबली. दार उघडलं ते मामांनी!

दोघंही पुतळ्यासारखे उभे. लिफ्टवाल्याच्या डोक्यात नियम टणटण वाजत होता: त्याने ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवायची नाही. मामा काही दाखवेनात! दाखवणार कसे? नियम त्यांनाही पाठ होता, आणि नियमाच्या बाबतीत ते काय कमी होते?

"कोण हवंय?" शेवटी मामांनी विचारलं.

"इथे... वाढदिवस आहे ना?"

"आहे. आपण?"

"मी जावई."

"कोणाचे?"

तेवढ्यात मागून सासूबाई आल्या. "अगं बाई! अरे, हे आपले जावईबापू! आणि जावईबापू, असं काय बघताय? हे तुमचे मामा ना?"

"असतील," लिफ्टवाला म्हणाला. "मी काही सांगू शकत नाही."

"मीही काही सांगू शकत नाही," मामा म्हणाले.

केक घेऊन आलेल्या बायकोने कपाळावर हात मारून घेतला. नवऱ्याला कोपऱ्यात ओढून ती कुजबुजली, "अरे, तू मामांना आधीपासून ओळखतोस ना! आमच्या लग्नात... आपल्या लग्नात होते ते!"

"नियमात तसा अपवाद दिलेला नाही," लिफ्टवाला घाम पुसत म्हणाला.

मेहुण्याचं औषधांचं दुकान होतं, त्यामुळे घरात तोच डॉक्टर. त्याने टॉर्च आणून आधी लिफ्टवाल्याच्या डोळ्यांत मारला, मग मामांच्या. "डोळे तर ठीक दिसतायत," तो म्हणाला आणि एकदम ओरडला, "दोघांना एकदम विसर पडला म्हणजे हवेतच काहीतरी आहे! गॅस! आई, गॅस बंद कर!"

झालं! खिडक्या धडाधड उघडल्या, शेगडी बंद झाली, स्वयंपाक अर्धा कच्चा राहिला. पोरंबाळं रुमाल नाकाला लावून गॅलरीत उभी राहिली. वाऱ्याने पडदा उडाला तो नेमका केकवर बसला! सासूबाई कळवळून दोघांना पंख्याने वारा घालू लागल्या. लिफ्टवाल्याला तहान लागली. पाण्याचा जग मामांच्या पुढ्यात होता. आणि त्याच्या तोंडून नकळत निघून गेलं, "हँडब्रेक, जरा पाणी द्या."

"घ्या, लिफ्ट," मामांनीही नकळतच उत्तर दिलं.

सासूबाईंच्या हातातला पंखा थांबला.

"मामाला हँडब्रेक म्हणालात?" सासूबाईंचा आवाज चढला. "आणि तू रे, जावयाला त्याच्या धंद्यावरून चिडवतोस? या वयात? म्हणजे विसर नाही, भांडण आहे हे!"

"लायसन्सचं!" मेहुण्याने टॉर्च विझवत निदान बदललं. "मामांनी यांना नापास केलं होतं ना, तोच राग. आत आत धुमसत होता इतकी वर्षं!"

"दोघं त्या खोलीत चला!" सासूबाई कडाडल्या. "मिटवल्याशिवाय बाहेर यायचं नाही. माझ्या वाढदिवसाला माझ्या घरात मी हे खपवून घेणार नाही!"

आणि बाहेरून कडी!

मामा पलंगाच्या कडेला बसले. हात पुन्हा गुडघ्यांवर. "जावईबापू," ते हळूच म्हणाले, "ओळख दाखवतो. आता तुम्हीही दाखवली तर चालेल."

"मामा!" लिफ्टवाला मटकन खाली बसला. "तुम्ही आईंना सांगणार नाही ना हो?"

"मी?" मामांचे डोळे मोठे झाले. "अहो, आठवडाभर डोळ्याला डोळा नाही लागला माझा! मला वाटलं, तुम्ही ताईला सांगाल. फोनवर बोलताना सारखी जीभ अडखळते. परवा तिने विचारलं, शनिवारी कुठे होतास? म्हटलं, दातांच्या डॉक्टरकडे."

"ते तर खरंच आहे!"

मामा खुदकन हसले. लिफ्टवाल्याने त्यांना असं हसताना उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्याच्या छातीवरचा धोंडा असा काही उतरला की त्याला रडू यायचंच बाकी राहिलं.

"तुम्हाला सांगू?" मामा म्हणाले. "नोकरीभर मी लोकांना सांगत आलो. थांबा, वळा, मागे घ्या. घरातही तेच. तुमच्या मामी गेल्यावर वाटायला लागलं, कधीतरी कोणीतरी मला म्हणावं, आता तू गप बस, पुढचं मी बघते. हे कोणाला सांगणार? तिथे सांगितलं, तर कोणी हसलं नाही. कॉफी मागवली आणि म्हणाले, बसा."

लिफ्टवाला उठून त्यांच्या शेजारी बसला. "हात धरला तर चालेल?" त्याने विचारलं. मामांनी मान हलवली. मग लिफ्टवाल्याला दारातला 'कोणाचे?' आठवला, त्याने तो मामांना म्हणून दाखवला, आणि दोघं पलंगावर लोळून हसायला लागले.

कडी निघाली. दारात सासूबाई, मागे सगळं घर.

"मिटलं?"

"मिटलं, ताई."

"मला नाही खरं वाटत. इतकी वर्षं धुमसलेलं एवढ्यात मिटतं होय?" सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "आजपासून दर महिन्याला तुम्ही दोघांनी एकत्र बाहेर जायचं. कॉफी प्यायची, गप्पा मारायच्या, माणसांत बसायचं. चुकलात तर माझ्याशी गाठ आहे!"

"पहिला शनिवार ठेव, आई," बायको अगदी निरागस चेहऱ्याने म्हणाली. "त्या दिवशी दोघंही मोकळे असतात. मीसुद्धा जात जाईन, लक्ष ठेवायला."

"ठरलं! पहिला शनिवार!" सासूबाईंनी फर्मान काढलं. "आणि आता उभे राहा. सरळ! जवळ या. अजून जवळ! मिठी मारा. मारा म्हणते ना! सोडू नका, फोटो काढू दे. आ करा! गप खा!"

पडद्याचे धागे चिकटलेला केक दोघांच्याही तोंडात कोंबला गेला. मेहुण्याने मागून दोघांची डोकी एकमेकांवर दाबली. फोटो चांगला यावा म्हणून सासूबाईंनी मामांची हनुवटी धरून वर केली आणि लिफ्टवाल्याचा कान पिळून मान वळवली.

मामांनी भरल्या तोंडाने जावयाच्या कानात उसासा टाकला.

"तिथे निदान आधी विचारतात तरी हो!"