बोट सुटायच्या आधीचं गाऱ्हाणं

आमच्या बोटीवर राहायला येणार असाल तर आधीच सांगून ठेवते. जेटीवर तुमच्या चपला काढायला लावतील, हात जोडून उभं करतील, आणि आमचा तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, बाबल तुमच्या नावाचं गाऱ्हाणं घालेल. घाबरू नका. तो देवाला मोठ्याने सांगतो, तुम्ही ओरडायचं, होय म्हाराजा!

"बा म्हाराजा, ह्ये पाव्हणे तुज्या दर्यार झोपूक इले आसत. कपाटाएवढी टणक बॅग हाडल्यानी, ती गाडीतच रवांदे. कापडी पिशवी बोटीत येवांदे!"

"होय म्हाराजा!"

"गोडा पाणी टाकीत थोडा आसा. अंगाक साबण लावताना नळ बंद करूची बुद्धी हेंका होवांदे!"

"होय म्हाराजा!"

"वारो फिरलो तर मी बोट मागे फिरवतलंय. पैसे दिल्यानी म्हणान दर्यो हेंचो नोकर नाय! आणि संडासात कागद टाकल्यानी तर काढूक माकाच हात घालूचो लागता, ह्यां तुका ठावक आसा!"

इथे पाहुण्यांची तोंडं बघावीत. कोण काय खात नाही, कोणाला पोहता येत नाही, कोणाची कसली गोळी चालू, सगळं देवाच्या कानावर. एक साहेब लालबुंद झाले. "माझं बीपी देवाला कशाला सांगतोस?"

"देवाक नाय ओ, वैनीक. मीठ तीच घालता."

वैनी म्हणजे मी. बाबल माझ्या घोवाचा चुलतभाऊ. बोटीवरचं रांधणं माझ्याकडे.

माणसं पैसे भरून दर्यावर झोपायला येतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाबल थट्टा करतोय. आमच्याकडे माणूस दर्यातून घरी येऊन झोपावा म्हणून नवस बोलतात. माझा घोव एका पहाटे घाईत गेला. वारा वाढायच्या आत जाळं काढायचं होतं, गाऱ्हाणं राहिलं. दुपारी बाबल आमची रिकामी होडी ओढून घेऊन आला. "वैनी, होडी हाडलंय," म्हणाला आणि वाळूत बसला. मी होडी धुतली. पोरांना संध्याकाळी जेवायला लागणारच होतं. मग मासे विकले, खाणावळीत भाकऱ्या थापल्या, आणि आता ही बोट.

तेव्हापासून बाबल गाऱ्हाण्याशिवाय दोर सोडत नाही. लग्न केलं नाही. पावसात बोट वर काढून ताडपत्रीखाली ठेवतात, तर हा डबा घेऊन ताडपत्रीखाली जाऊन बसतो. विचारलं तर म्हणतो, "बोटीक एकटा वाटता."

तर झालं काय, कोणा पाहुण्याने आमच्या शेठकडे तक्रार केली. आम्ही सुट्टीला आलो की देवळात? बोट शेठची. शेठ कणकवलीहून स्वागताचं छापील कार्ड घेऊन आले. "उद्या माझी खास माणसं आहेत, मीपण येतोय. हे वाचायचं, बस. गाऱ्हाणं ऐकू आलं तर गोव्याहून कॅप्टन बोलावतो."

"बरां शेठ," बाबल म्हणाला. त्या दिवशी जेवला नाही.

सकाळी पाहुणे आले. बाबलने कार्ड वाचलं. "सन्माननीय अतिथी" म्हणताना त्याला घाम फुटला. पाहुणे फोनमध्ये. कोणाला काही ऐकू गेलं नाही. सगळे चढले, इंजिन चालू झालं.

दोर काही सुटेना.

"सोड ना रे!" शेठ ओरडले.

"सोडतंय शेठ."

गाठ त्याचीच, हातही त्याचाच, पण बोटं हलेनात. ओहोटी लागली होती. अजून थोडं थांबलो असतो तर बोट चिखलात बसली असती. पाहुणे हसायला लागले.

"बाबल, शेवटचं सांगतो," शेठ म्हणाले. "जमत नसेल तर उतर खाली."

बाबल खरंच उतरायला निघाला.

मी तव्यावर भाकरी टाकली होती. तशीच वर आले, हाताला पीठ. आमच्यात गाऱ्हाणं बापयांनी घालायचं. बाईने घातलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"बा म्हाराजा," कोणीतरी म्हणालं. माझाच आवाज तो. "ह्ये शेठचे पाव्हणे आसत. हेंका सुखान ने, सुखान हाड."

शेठचं तोंड उघडं ते उघडंच.

आता सुरू केलंच होतं. बाबलच्या गाऱ्हाण्यात पाहुणे असतात, मी असते, शेठ असतात, इंजिनसुद्धा असतं. एकच नाव त्याने कधी घेतलं नाही.

"आणि आमचो बाबल आसा म्हाराजा. सगळ्यांचा सांगता, आपला सांगना नाय. तेका वाटता, घराक तेची वाट बघणारा कोण नाय. मी बघतंय. तेकापण परत हाड."

"होय म्हाराजा!"

शेठ! शेठही इथलेच, लहानपणापासून देवळात ओरडलेले. तोंडातून आपसूक निघालं, आणि त्यांनीच तोंडावर हात ठेवला. पाहुण्यांना वाटलं, हे असंच असतं. तेही ओरडले, होय म्हाराजा!

बाबल परत फिरला. एका झटक्यात दोर सोडला. बोट हलली. माझ्याकडे त्याने बघितलं नाही, समोर पाण्याकडेच बघत होता.

"वैनी," म्हणाला, "भाकरी करापता."