समजा, बंद पडली

सेतुराम राव अंघोळीची बादली अर्ध्याच्या वर भरू देत नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, "समजा, पाय घसरला." बादलीत बुडालेला माणूस तंजावरात कोणी पाहिलेला नाही. पण "समजा" या शब्दापुढे पुरावा चालत नाही.

आमच्या गल्लीत त्यांना सगळे मामा म्हणतात. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधून अटेंडंट म्हणून निवृत्त झाले. बोलतात ते तंजावरचं, जुन्या वळणाचं मराठी. लिहितातही मराठीच, पण तमिळ लिपीत. पाण्याचं भय त्यांना लहानपणापासून आहे. कावेरीकाठच्या तिरुवैयारूला जाणारी बस पाच नद्या ओलांडते. पूल आला की मामा डोळे मिटतात आणि शेजारी बसलेल्या मामींना विचारतात, "झाला?" पलीकडचा काठ आल्यावर मामी म्हणतात, "झाला." असं पाच वेळा. "सुंदरानं पुलाच्या बाबतीत मज कधी फसवलं नाही," असं मामा मामींबद्दल सांगतात. आपल्या संसाराविषयी ते एवढंच बोलतात.

अशा माणसानं यंदा टगबोट बांधायला घेतली. टगबोट म्हणजे बंदरात मोठ्या जहाजांना ओढणारी ठेंगणी, ताकदवान बोट. मामांची हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी.

त्याला कारण होतं. तमिळ आडी महिन्याच्या, म्हणजे ऐन पावसाळ्यातल्या, अठराव्या दिवशी भरून वाहणाऱ्या कावेरीला गर्भारशी मानतात. बायका तिला चित्रान्न, काळे मणी, ताडपत्राची कर्णफुलं आणि दिवा वाहतात. मामी दरवर्षी तिरुवैयारूच्या घाटावर पाण्यात उतरून हे ताट सोडतात. गेल्या वर्षी शेवाळलेल्या पायरीवर त्यांचा पाय सुटला. शेजारच्या फुलवालीनं दंड धरला म्हणून त्या वर आल्या. मामा तेव्हा सगळ्यात वरच्या पायरीवर, मामींच्या चपला हातात धरून उभे होते. ते हलले नाहीत.

"पाय उचललाच नाही," त्यांनी मला एकदाच सांगितलं. "सांगून पाहिलं त्याला."

यंदा मामींचा उजवा गुडघाही दुखू लागला. मामांनी ठरवलं, ताट बोट नेईल.

"पोटुशी बाईला जेवण बोटीनं धाडतात का वो?" मामी म्हणाल्या. "उद्या मज कॉफी पण बोटीनं द्याल."

शेवटी अट ठरली. दिवा मध्यधारेला पोचला तर मामी वर बसून हात जोडतील. अलीकडे अडला, तर नेहमीसारख्या स्वतः उतरतील.

मामांनी पहिली मोटर आणली ती शर्यतीच्या बोटीची. तिच्यावर दोन पात्यांचा चिमुकला प्रॉपेलर. मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत बोट बाणासारखी सुटली आणि भिंतीवर आपटली. ताटाचा तराफा मागे बांधला, तर जागच्या जागी फेस काढत राहिली. मी स्प्रिंगकाटा धरला होता; बोटीची दोरी त्याच्या आकड्याला. काट्याची सुई जेमतेम हलली.

"वेग कोणास पाहिजे," मामा म्हणाले. "ओढ पाहिजे."

मग त्याच मोटरवर मोठा पितळी प्रॉपेलर बसवला. काटा चांगला खाली आला, पण तीन मिनिटांत जळका वास सुटला. मामा मोटरचा ताप पालथ्या हातानं बघतात. तसाच मामींच्या गुडघ्याचाही बघतात. "हिला झेपत नाही," ते म्हणाले. कोणाबद्दल, ते स्पष्ट झालं नाही.

तिसऱ्या वेळी सावकाश फिरणारी मोटर आली आणि मध्ये गिअर आला: लहान चाक मोटरला, मोठं चाक दांड्याला. मोटरच्या तीन फेऱ्यांना प्रॉपेलरची एक. वर चार पात्यांचा रुंद प्रॉपेलर. काटा किलोला टेकला आणि मोटर कोमट राहिली. मी अभिनंदन केलं.

"समजा, बंद पडली," मामा म्हणाले.

म्हणून मोटरी दोन झाल्या, प्रॉपेलर दोन, बॅटऱ्या दोन. त्या सगळ्या बंद पडल्या तर, म्हणून बोटीला नायलॉनची लांब दोरी. वहीत बिघाडांची यादी होती. गळती, वारा, सुटलेला गिअरचा दात, तराफ्यावर बसणारा कावळा. मामांनी प्रत्येकावर उपाय काढला होता.

अठरावीला आम्ही तिघं बसनं गेलो. पाच वेळा "झाला?", पाच वेळा "झाला." घाटावर पाणी मातकट आणि वेगवान होतं. मोजायला गेलो तर खालच्या पायऱ्या दिसतच नव्हत्या. मामांचे ओठ पांढरे पडले होते. तरी त्यांनी वरून रिमोट चालवला, मी दोरी सोडत गेलो आणि बोट दिव्याचं ताट ओढत प्रवाहाला तिरकी निघाली. बायका बाजूला झाल्या. एक आजी बोटीलाच नमस्कार करत होती.

निम्म्या वाटेवर डावा प्रॉपेलर थांबला. मग बोट स्वतःभोवती फिरू लागली.

मामांनी सगळं तपासलं होतं, पण टाकीतल्या निवळ पाण्यात. त्या दिवशी कावेरीत घाटभर बायकांनी सोडलेले मोगऱ्याचे गजरे आणि हळदीचे दोरे वाहत होते. सावकाश फिरणाऱ्या चार रुंद पात्यांनी ते नीट गुंडाळून घेतले. उजवा प्रॉपेलरही थांबला. तराफा कलंडला, दिवा विझला.

मामी उठल्या. पदर खोचला. पिशवीतून दुसरं ताट काढलं. दिवा, मणी, कर्णफुलं, सगळं लावलेलं.

"समजा, बंद पडली, म्हणून आणलं," मामी म्हणाल्या आणि गुडघा सांभाळत पहिली पायरी उतरल्या.

मामांनी रिमोट माझ्या हातात दिला. चपला काढल्या, मामींच्या चपलांशेजारी सरळ लावल्या. दोन्ही हातांनी मामींचा दंड धरला आणि डोळे मिटले.

"उतरा," मामी म्हणाल्या. "ही दुसरी. ही शेवाळाची वो, टाच टेका. आता पाणी आहे."

मामा इतके कापत होते की ताटातले मणी वाजत होते. पाणी गुडघ्याला लागल्यावर त्यांच्या तोंडून बारीक आवाज निघाला, पण हात सुटले नाहीत. मामींनी वाकून ताट सोडलं.

"झाला?" मामांनी विचारलं.

मामींनी नदीकडे पाहिलं. दिवा केव्हाच मध्यधारेला लागला होता.

"नाही वो अजून," त्या म्हणाल्या. "धरून राहा."