निवेदकाच्या आवाजावरून खुनी आधीच कळत असल्याबाबत

विषय : निवेदकाच्या आवाजावरून खुनी आधीच कळत असल्याबाबत.
संदर्भ : याच विषयावरील अर्जदाराची तोंडी तक्रार, जी ग्रंथपालबाईंनी हसण्यावारी नेली.

वरील विषयाचा अर्ज वाचनालयाच्या बोलक्या पुस्तकांच्या विभागात दाखल झाला तो दोन प्रतींत, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मिळेपर्यंत अर्जदार काउंटरवरून हलले नाहीत. अर्जदार म्हणजे एक सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक. कचेरीत त्यांना सगळे रुजवातराव म्हणत. टाइप झालेली नक्कल मूळ कागदाशी ताडून पाहायची, एकाने मूळ मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने नकलेवरून पेन्सिल फिरवायची, या कामाला रुजवात म्हणतात. रुजवातराव एकतीस वर्षं वाचणाऱ्याच्या खुर्चीवर होते. स्वल्पविराम आला की ते "स्वल्पविराम" म्हणत, कंस आला की "कंस सुरू" म्हणत, आणि कंस पुरा होईपर्यंत चहासुद्धा घेत नसत. मजकूर बडतर्फीचा असो की झाडू-खराट्यांच्या मागणीचा, आवाज तोच. वाचणाऱ्याने भावना दाखवली की ऐकणाऱ्याची पेन्सिल घसरते, असं त्यांचं मत होतं, आणि कचेरीत ते कुणी खोडून काढलं नाही. (कुणी ऐकलंही नव्हतं, पण ते वेगळं.)

प्रकरणाला सुरुवात झाली ती बाईंच्या डोळ्यांपासून. बाई म्हणजे रुजवातरावांची बायको. आठवड्याला दोन जाडजूड कादंबऱ्या फस्त करणारी ही बाई, मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांनी तिला दोन महिने अक्षराकडे बघायचं नाही म्हणून बजावलं. घरात सुतक आल्यासारखी शांतता पसरली. तेव्हा रुजवातरावांनी छाती पुढे काढून सांगितलं, "काळजी कशाला? मी वाचून दाखवतो."

खुर्ची ओढून, चष्मा पुसून त्यांनी वाचायला घेतलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. दुसरं पान संपायच्या आत त्या म्हणाल्या, "अहो, राहू द्या. दमला असाल."

"छे, मी कुठे दमलोय?"

"मग मीच दमले असेन."

दुसऱ्या दिवशी बाईंनी नणंदेला वाचनालयात पाठवून बोलकी पुस्तकं आणि ती ऐकायचं डबीएवढं यंत्र मागवलं. नणंद म्हणजे रुजवातरावांची थोरली बहीण, अक्का. ती शेजारच्याच खोलीत राहायची आणि भावाला त्याची पायरी दाखवून द्यायची जबाबदारी तिने आई गेल्यापासून एकटीने सांभाळली होती.

यंत्राचं बटण दाबलं आणि घरात एक परका पुरुष बोलू लागला. आवाज भरदार, तुपात घोळलेला. बिचाऱ्याचं नाव सुरुवातीला सांगत, पण दोघी बायका त्याला "आपले ते" म्हणायला लागल्या. तीन वाजले की कामं आटोपून दोघी यंत्राच्या दोन बाजूंना बसायच्या. अक्का तर आधी वेणी नीट करायची. आवाजाला दिसत नाही, हे तिला सांगून उपयोग नव्हता.

"त्यांच्यात एवढं आहे तरी काय?" रुजवातरावांनी एकदा न राहवून विचारलं.

"ते वाचतात ना, तेव्हा माणसं चालायला लागतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही वाचता तेव्हा ती रांगेत उभी राहतात."

हे वाक्य रुजवातरावांना लागलं. संसाराला एक्केचाळीस वर्षं झाली होती, आणि या बाईने आपल्या तोंडून एक गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी, एवढीच आता त्यांची इच्छा उरली. ती त्यांनी बोलून दाखवली नाही. त्याऐवजी ते तिसरी खुर्ची घेऊन ऐकायला बसले, प्रतिपक्षाचे दोष टिपायला. मांडीवर वही होती.

दोष भरपूर निघाले. सामाजिक कादंबरीत नायिकेला पत्र येतं तिथे निवेदक उसासा टाकायचा. रुजवातरावांनी छापील प्रत आणून ताडून पाहिलं. मुळात उसासा नव्हता, म्हणजे तो पदरचा घातलेला होता. म्हातारी माणसं सगळी खोकायची. गरिबांचा आवाज कमरेत वाकलेला असायचा. बायका तर अशा बोलायच्या की जणू त्यांचं बोट दारात सापडलंय. पण कमाल होती ती रहस्यकथांची. दुसऱ्याच प्रकरणात रुजवातराव वही मिटून म्हणाले, "वकील."

"काय वकील?" अक्काने विचारलं.

"खून वकिलाने केलाय."

"अजून खून झाला नाहीये."

"होईल. निवेदकाने वकिलाला तूप लावलंय. निरपराध माणसांना हा सर्दी देतो."

खून झाला आणि शेवटी तो वकिलानेच केला. पुढच्या पुस्तकात डॉक्टर, त्याच्या पुढच्यात चुलत बहीण. अकरांपैकी दहा खुनी रुजवातरावांनी दुसऱ्या प्रकरणात पकडून दिले. (अकरावा खुनी निघाला तो कुत्रा. त्याला संवाद नव्हते.) त्यांना वाटलं, घरात आपलं कौतुक होईल. बाईंनी यंत्र बंद केलं.

"अहो, आम्ही तीन दिवस जीव मुठीत धरून ऐकायचं, आणि तुम्ही पहिल्याच दिवशी खुनी आणून पुढ्यात ठेवायचा?"

"पण मला कळतं त्याला मी काय करू?"

"बाहेर बस," अक्का म्हणाली. "जन्मात तुला साहेबाच्या मनातलं कधी कळलं नाही. आता कळायला लागलंय तर गॅलरीत जाऊन कळू दे."

अशा रीतीने रुजवातराव स्वतःच्या घरात तीन ते पाच गॅलरीत आले, आणि कपडे वाळत घालायच्या दोरीखाली बसून त्यांनी तो अर्ज लिहिला. त्यातलं मुख्य कलम असं : "सदर निवेदक खुनी पात्राच्या वाक्यापूर्वी सुमारे पाऊण सेकंद श्वास घेतात. निरपराध पात्रांस हा श्वास देण्यात येत नाही. सबब रहस्य राहत नाही आणि श्रोत्यांच्या घरात कलह होतो. तरी रहस्यकथा निःपक्षपाती आवाजात वाचून मिळाव्यात, ही विनंती."

ग्रंथपालबाईंनी अर्ज वाचला. त्यांना रोज काउंटर, कपाटं आणि ध्वनिमुद्रण अशी तीन माणसांची कामं होती. "असा आवाज कुठून आणू?" त्या म्हणाल्या. "हौशी वाचक आम्हाला हवेच आहेत. तुम्हीच का वाचत नाही?"

रुजवातराव नको नको म्हणाले. आधी एकदा, मग पुन्हा एकदा, आणि ग्रंथपालबाई तिसऱ्यांदा विचारतील की नाही याची खात्री नसल्याने तिथेच थांबले. 'गोदामातली सातवी पेटी' ही तीनशे बारा पानांची रहस्यकथा काखेत मारून ते घरी आले.

"तुम्ही वाचणार?" बाई म्हणाल्या. मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "बरं झालं."

"शेवटपर्यंत ऐकशील?"

"ऐकेन की. तुमचं नाही ऐकायचं तर कुणाचं?"

"त्या माणसाचं ऐकतेसच."

"तो मध्येच थांबून 'कळलं का' म्हणून विचारत नाही."

ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे वाचनालयाची जुनी अडगळ. भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या, खिडकी ब्लँकेटने बंद केली होती, आणि एका टेबलावर माइक, पाण्याचा पेला आणि "पेला खाली ठेवताना आवाज करू नये" अशी पाटी होती. काचेपलीकडे ग्रंथपालबाई कानांवर हेडफोन चढवून बसल्या. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी हात वर केला.

"स्वल्पविराम मोठ्याने म्हणायचा नसतो."

"मग ऐकणाऱ्याला कळणार कसा?"

"नाही कळला तरी चालतो."

एकतीस वर्षांच्या नोकरीत हे त्यांनी प्रथमच ऐकलं. पण तडजोड झाली. स्वल्पविरामाला मनात एक अंक, पूर्णविरामाला दोन, परिच्छेदाला चार. खुनाची किंकाळी आणि गोदामाच्या कुलपाचं वर्णन त्यांनी एकाच पट्टीत वाचलं. सात संशयित होते. सातही जणांना सारखा आवाज, सारखा श्वास. इन्स्पेक्टरलाही वेगळी वागणूक नाही. त्यानंतर ग्रंथपालबाईंनी एकदाही हात वर केला नाही. काचेतून पाहिलं की त्या डोळे मिटून, मान किंचित कलती करून बसलेल्या दिसत. रुजवातरावांनी घरी सांगितलं, "तल्लीन होतात. दुपारी पेन हातातून गळून पडलं, तरी भान नव्हतं."

बारा दिवस रोज दुपारी वाचन चाललं. पुस्तक सभासदांना मिळू लागलं, आणि आठवड्यात त्यासाठी एक्केचाळीस जणांची रांग लागली. "आपले ते" यांच्या नव्या पुस्तकाला नऊ जण होते. रुजवातरावांनी हा आकडा जेवताना सहज सांगितला. मग अक्काला ऐकू आला नसेल म्हणून पुन्हा सहज सांगितला.

घरी पुस्तक लागलं त्या दिवशी ते आपणहून गॅलरीत गेले. समोर बसलं की माणसाला मोकळेपणाने दाद देता येत नाही. अर्ध्या तासाने त्यांनी दाराच्या फटीतून पाहिलं. यंत्रातून त्यांचाच आवाज गोदामाची लांबी-रुंदी सांगत होता, आणि दोघी बायका जागच्या जागी खिळून बसल्या होत्या. हालचाल नाही, शब्द नाही. बायकोच्या चेहऱ्यावर तर अशी शांती, जी त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात पाहिल्याचं अंधुक आठवत होतं. त्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात अक्का घोरली.

पाच वाजता बाई जाग्या झाल्या. "छान वाचलंत हो," त्या म्हणाल्या. "कितीतरी दिवसांनी एवढं बरं वाटलं."

"कुठवर ऐकलंस?"

"ते गोदाम उघडतात ना, तिथवर."

गोदाम पान चारवर उघडतं.

"उद्या नीट ऐकेन," बाई घाईने म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या पान सहापर्यंत पोचल्या. तिसऱ्या दिवशी आधी कॉफी घेऊन, पाठीशी उशी न घेता बसल्या आणि पुन्हा पान चारवर आल्या. अक्काने एवढेही कष्ट घेतले नाहीत. ती दुसऱ्या दिवशी येतानाच पांघरूण घेऊन आली.

वाचनालयात गेल्यावर बाकीचा उलगडा झाला. रहस्यकथांच्या कपाटात 'गोदामातली सातवी पेटी' नव्हती. ग्रंथपालबाईंनी कोपऱ्यातल्या कपाटाकडे बोट दाखवलं. त्यावर "विश्रांती व निद्रा" अशी चिठ्ठी होती. तिथे 'पंख्याची घरघर (एक तास)' आणि 'संथ पाऊस (दोन तास)' यांच्यामध्ये रुजवातराव उभे होते.

"सभासदांचाच आग्रह होता हो," ग्रंथपालबाई म्हणाल्या, आणि पत्रांचा गठ्ठा पुढे केला. एका रखवालदाराने लिहिलं होतं की सात वर्षांत दिवसा त्याचा डोळा प्रथमच लागला. एका बाईने लिहिलं होतं की त्यांचं तान्हं बाळ आता कुलपाच्या वर्णनाशिवाय निजत नाही. एक सभासद मात्र निम्म्या पुस्तकापर्यंत जागा राहिला होता. त्याचं म्हणणं, पुस्तकात एकच माणूस असून तो स्वतःचीच चौकशी का करतो, ते कळलं नाही.

रुजवातरावांनी तिथल्या तिथे कागद मागितला. विषय : श्राव्य पुस्तक चुकीच्या कपाटातून रहस्यकथांच्या कपाटात हलवून मिळणेबाबत.

"हलवते की," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "पण ते रहस्य आहे याला काहीतरी आधार हवा. मी स्वतः ऐकलं नाही, म्हणजे, पुरतं नाही. तुम्हीच सांगा, खून कोणी केला?"

रुजवातराव थांबले. एक अंक, दोन अंक, चार अंक. रुजवात करणाऱ्याचं तोंड वाचतं, मन वाचत नाही. मन मध्ये आलं की ओळ चुकते. (पूर्वी त्यांनी स्वतःच्याच बदलीचा हुकूम सगळ्या स्वल्पविरामांसकट खणखणीत वाचला होता, आणि आपली बदली झाल्याचं त्यांना शिपायाकडून कळलं होतं.) तीनशे बारा पानं त्यांनी एकही चूक न करता वाचली होती. खून कोणी केला, याची त्यांना कल्पना नव्हती.

"नियमाने निवेदकाचं म्हणणं ग्राह्य धरता येणार नाही," ते शेवटी म्हणाले.

ग्रंथपालबाईंना हे पटलं. त्यांनी शेरा मारला : "सदर ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत जागेपणी ऐकलेल्या एका सभासदाचा दाखला जोडल्यास विचार करता येईल."

असा सभासद एकच होऊ शकतो, असं रुजवातरावांचं म्हणणं आहे, आणि बाईंचीही त्याला तयारी आहे. डोळे आता बरे झालेत, छापील पुस्तक हातात घेऊन त्या तासाभरात खुनी शोधतील. पण दाखला ऐकल्याचा हवा, म्हणून त्यांनी पुस्तकाला हात लावलेला नाही. रोज तीन वाजता त्या कडक कॉफी पिऊन, सरळ पाठीच्या खुर्चीत बसतात. परवा त्या खिडकीशी उभ्या राहून ऐकत होत्या; तेव्हा पान अकरापर्यंत मजल गेली, आणि अक्काने वेळेवर धरलं म्हणून पडल्या नाहीत.

अर्ज प्रलंबित आहे. दाखल्याअभावी त्यावर पुढील कार्यवाही झालेली नाही. रांगेत आता त्रेसष्ट सभासद आहेत.