गोदू खारीचे एकशे बारा नग

एका जंगलात, मुलांनो, वाघापासून वाळवीपर्यंत सर्वांना पुरेल असे एक भांडार होते. मध, चिंचा, बोरे, पिसांच्या उशा, सारे तेथे मिळे. अस्वलसाहेब त्याचे व्यवस्थापक होते. फडताळांची व्यवस्था गोदू नावाच्या खारीकडे होती. गोदूला नुकतेच पहिले पिल्लू झाले होते. त्याचे नाव झिपरू. ती त्याला उशीत गुंडाळून कामावर आणी आणि दर तासाला त्याचा एक फोटो काढी. पहिलटकरीण होती ती. तिला दोष देऊ नका.

वर्षातून दोनदा मालाची मोजणी होई. ती आबा कासव करीत. एक वस्तू मोजली की एक खडा मडक्यात. नियम असा होता की, मोजणीला घेतलेला माल मोजून होईपर्यंत विकायचा नाही. त्यामुळे तीन दिवस भांडार बंद राही. शिवाय मध्येच कोणी आबांशी बोलले, तर आबा सारे खडे ओतून देत आणि पहिल्यापासून सुरुवात करीत. हा मात्र नियम नव्हता. हा आबांचा स्वभाव होता.

"तीन दिवस!" अस्वलसाहेब दर वेळी डोके धरून बसत.

एका वर्षी पलीकडच्या जंगलातून एक सल्लागार आला. तो सरडा होता. साहेबांच्या खुर्चीवर टेकताच तो खुर्चीच्या रंगाचा झाला.

"यंत्रे विकत कशाला घ्यायची, साहेब?" सरडा म्हणाला. "प्रत्येक कर्मचाऱ्याकडे स्वतःचा मोबाइल आहेच. त्यात आमचे ॲप घाला. फडताळाचा फोटो काढला की ॲप त्यातला माल मोजते आणि जंगलभर विक्रीला जाहीरही करते. तीन दिवसांचे काम एका दुपारी!"

"बॅटरी कोणाची?" गोदूने विचारले.

"तुमचीच."

"आणि मोजणी चुकली तर?"

"तीही तुमचीच, ताई. आपलेपणा म्हणतात तो हाच."

साहेबांना आपलेपणा फार आवडला.

ॲपने प्रत्येकाला सोळा पानांच्या अटी दाखवल्या. खाली 'मान्य' असे बटण होते. सर्वांनी ते झटकन दाबले. फक्त आबांनी अटी वाचायला घेतल्या, म्हणून त्यांना मोजणीतून वगळण्यात आले.

मग काय धमाल उडाली म्हणता! केरबा माकड छताला लोंबकळून फोटो काढू लागला. ससे फडताळांमधून सुसाट धावले. मोरांनी आधी पिसारे फुलवले आणि मगच माल टिपला. चार वाजायच्या आत मोजणी पूर्ण झाली. अस्वलसाहेबांनी यादी हातात घेतली आणि त्यांचे डोळे विस्फारले.

"गुलाब, दवबिंदूंसह, नग नऊशे?"

अटींच्या अकराव्या पानावर असे लिहिले होते की, ॲप मोबाइलमधले सर्वच फोटो मोजील, जुने धरून. ते गुलाब सशांच्या मावशीने रोज सकाळी 'शुभ सकाळ' म्हणून पाठवलेले होते.

"सूर्य, मावळता, नग सेहेचाळीस!" साहेब आनंदाने ओरडले. "आपल्याकडे सेहेचाळीस सूर्य आहेत आणि मला कोणी सांगितले नाही?"

"माकड, दात विचकणारे, नग दोनशे अठ्ठ्याण्णव," केरबाने खांद्यावरून वाकून वाचले. "अरे वा! मी एवढा आहे?"

साहेबांनी केरबाला मिठी मारली. मोर नाचले. कोणीतरी मधाचे मडके फोडले. तेवढ्यात गोदूने यादीचा तळ पाहिला, आणि तिची शेपटी ताठ उभी राहिली.

'खारीचे पिल्लू, ताजे, नग ११२.'

त्यापुढे हिरवी खूण होती. एका नगाची मागणी आली होती. मागणी करणारी मथुराबाई रानमांजर दारातच उभी होती, पिशवी घेऊन.

"कागदात बांधू नका हं," ती गोड आवाजात म्हणाली. "तसेच नेते. फार लांब जायचे नाही त्याला."

"साहेब, ते माझे बाळ आहे!" गोदू किंचाळली.

"तुझे एकशे बारा आहेत," साहेबांनी समजूत घातली. "ती एकच मागतेय. मागणी नाकारली तर ॲपवर भांडाराचा एक तारा कमी होईल, गोदूबाई."

"एकच आहे ते! एकाचेच फोटो आहेत!"

"म्हणजे एकशे अकरा नग कमी भरतात?" आबा कासवांनी अटींच्या चौथ्या पानावरून मान वर केली. "मग हाताने फेरमोजणी करावी लागेल. आणि मोजणीला घेतलेला माल विकता येत नाही."

नियम जुना होता आणि साहेबांच्याच सहीचा होता. साहेबांना फेरमोजणीला होकार द्यावा लागला.

आबांनी झिपरूकडे पाहून एक खडा मडक्यात टाकला. मग उरलेली एकशे अकरा पिल्ले शोधायला ते निघाले. सापडली नाहीत असे लिहिण्यापूर्वी प्रत्येक फडताळाखाली पाहणे भाग होते. फडताळे साठ होती. सहाव्या दिवशी ते शेवटच्या फडताळापाशी पोहोचले.

"आबा, चहा घेता?" गोदूने विचारले.

आबांनी मडके उलटे केले. खडा ओतला. पहिल्या फडताळाकडे वळले.

मथुराबाई अधूनमधून यायची. "झाले का हो मोजून?" ती विचारायची. आबा खडा ओतायचे. तिला स्वतःच्या जिभेचा पराक्रम अखेरपर्यंत समजला नाही. ज्या फेरीत ती यायची नाही, त्या फेरीच्या शेवटी गोदूचा चहा असायचा. आबांनी गोदूवर एकदाही डोळे वटारले नाहीत. चौथ्या चहानंतर तर ते साठाव्या फडताळापाशी स्वतःच थांबू लागले. "आज आले घाल," असेही एकदा म्हणाले.

अशी चौदा महिने मोजणी चालली. झिपरूला मिशा फुटल्या. तो आईच्या डोक्यावरून उडी मारून छतापर्यंत जाऊ लागला. मग एके सकाळी आबांनी चहा आधीच पिऊन घेतला, साठावे फडताळ ओलांडले आणि शांतपणे नोंद केली : 'खारीचे पिल्लू, नग शून्य. एक मोठी खार आढळली. ती यादीत नाही.'

मथुराबाई रिकामी पिशवी घेऊन परत गेली. जाता जाता तिने भांडाराला एकच तारा दिला.

वार्षिक समारंभात अस्वलसाहेबांनी अहवाल वाचला. मोबाइलमुळे मोजणी एका दुपारी झाली, हे त्यात ठळक अक्षरांत होते. सरड्याला हार घालण्यात आला आणि तो झेंडूच्या रंगाचा झाला. चौदा महिने लावल्याबद्दल आबांना समज देणारे पत्र मिळाले. पत्र दोन पानांचे होते. आबा ते अद्याप वाचत आहेत.

तात्पर्य : मुलांनो, नोकरीच्या ठिकाणी स्वतःचा मोबाइल आनंदाने द्यावा. फक्त त्यात फोटो काढावेसे वाटतील, इतके प्रेम घरातल्या कोणावरही करू नये.